जीवावरची मूठ

१४ मे १९७८, रिसोड

तिसऱ्या दरवाज्यावर हात ठेवून हेमसिंगकाका थांबले. हात हवेतच होता, पण बोटं अशी पसरली होती की समोर लोखंडी कवाड आहे असं मलाही वाटलं.

"इथं तुहा काका विचारे, उघडतं का ऐकतं? मी म्हनो, ऐकतो. चोराले आधी ऐका लागते."

"काय ऐकू यायचं?"

"पानी. आन् पान्याच्या तिकून कोनीतरी नाव घेऊन राह्यला असं. कोनाचं, ते समजे नाई."

मी लिहून घेतलं. दरवाजा तीन, पर्याय दोन: उघडणे, ऐकणे. ऐकल्यास मूठ नाही.

आज दिवसभर हेच चाललं. खरं तर अंधारगड हा खेळ काकाजींच्या तोंडून उतरवून घ्यायचा होता. त्यांनीच तो रचला. पण मार्चमध्ये त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा गेली. 'हां' एवढं येतं, तेही कधी कधी. त्यामुळे दोन खेळगड्यांकडून जमवतो आहे. एक हेमसिंगकाका, दुसरे रिठदचे इंद्रभानकाका.

खेळ असा. एकसष्ट सालापासून, बाजाराच्या दिवशी, लिलाव आटोपला की काकाजी अडतीच्या गादीवर बसायचे. जमिनीखालचा किल्ला, सात दरवाजे. कुठल्या खोलीत काय आहे ते काकाजी सांगणार. आपण काय करतो ते खेळगडी सांगणार. कुणी चोर, कुणी भालाईत. जिथे काय होईल सांगता येत नाही तिथे मूठ. काकाजींनी तरुणपणी शिरपूरला जैन महाराजांपुढे नियम घेतला होता, फासे आणि कवड्यांना हात लावायचा नाही. सात व्यसनांतलं पहिलं जुगार. म्हणून त्यांनी धान्य घेतलं. नमुन्याच्या तुरीतून काकाजींनी मूठभर दाणे काढायचे, सहा सहा बाजूला सारायचे, उरतील तो आकडा. काहीच उरलं नाही तर सहा. सहा सगळ्यांत चांगला. प्राणावर बेतलं की ती जीवावरची मूठ. तीत एक उरला तर मेला. मेला तो मेला, परत येत नाही. हे वहीच्या पहिल्या पानावर काकाजींच्या अक्षरात आहे.

मुंबईला संस्थेत सरांनी मला एका परदेशी मासिकातला मजकूर दाखवला होता. अमेरिकेत विद्यापीठातली मुलं असेच किल्ले आता संगणकाच्या पडद्यावर खेळतात म्हणे, आणि त्याआधी टेबलाभोवती बसून खेळायची. मी म्हटलं, आमच्या रिसोडला हे सतरा वर्षं चालू आहे. सर हसले. मग म्हणाले, घाल यंत्रावर. निबंध लिही. बाहेर जायला उपयोगी पडेल.

१७ मे

इंद्रभानकाका सकाळच्या एसटीने आले. काकाजींच्या खाटेपाशी थोडा वेळ उभे राहिले. "शेठजी, म्या आलो," म्हणाले. काकाजींनी डावा हात उचलला.

त्यांची आठवण हेमसिंगकाकांपेक्षा नेमकी आहे. खोली किती पावलांची, पायऱ्या किती, कुठल्या पायरीचा दगड हलतो. फक्त ते 'मी' म्हणत नाहीत. देवमन गेला, देवमन वाकला, देवमनच्या भाल्याचं टोक मोडलं. देवमन हा त्यांचा भालाईत. चौथ्या दरवाज्याशी येऊन थांबला आहे.

"सुरुवातीपासून देवमनच?"

"नाई. पयले गोसावी होता. अडुसष्टले त्याले सोडून देल्ला."

"मेला?"

"मेला कायले? सोडून देल्ला."

हेमसिंगकाका मध्येच म्हणाले, "माहे सात चोर मेले. हा आठवा. यायच्या देवमनले मात्र साधं खरचटत नाई. जावई हाय शेठजीचा."

इंद्रभानकाका हसले. दात कमी आहेत, त्यामुळे हसू मोठं दिसतं.

जाताना त्यांनी मला बाहेर ओट्यावर बोलावलं. "सुमेर, हे मशीन कोनाचं तोंड पाहत नाई ना?"

"त्याला डोळे नसतात, काका."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि गाडीकडे गेले.

हेमसिंगकाकांनी नंतर सांगितलं. देवमन त्यांचा मुलगा. अडुसष्टच्या दिवाळीला घरातून गेला. भांडण नाही, तंटा नाही. लग्नाला वर्ष झालं होतं. कागद नाही, पत्र नाही. बायको अजून रिठदलाच सासऱ्याजवळ आहे.

यंत्राच्या भाषेत नावाला सहा अक्षरांची मर्यादा असते. इंग्रजीत देवमन बरोबर सहांत बसतो. बदलायला नको.

१९ मे

काकाजींच्या वह्यांत प्रत्येक मूठ लिहिलेली आहे. तारीख, कोण, आकडा. तीन वह्या दोन दिवसांत मोजल्या.

हेमसिंगकाकांच्या जीवावरच्या मुठी अडतीस. त्यांत एक आला सातदा. गणिताप्रमाणे ठीक. देवमनच्या एक्केचाळीस. त्यांत एक कधीच नाही. असं होण्याची शक्यता दोन हजारांत जेमतेम एकदा.

म्हणजे मूठ ही पद्धत सदोष आहे. दाण्याचा आकार, पंजाचं माप, यामुळे काही आकडे जास्त पडत असणार. निबंधात यावर एक परिच्छेद होईल. यंत्रावर मूठ घ्यायची नाही. तिथे आकडे काढायची चांगली रीत आहे, तपासलेली.

२२ मे

काकाजींना विचारलं. त्यांचा खेळ आहे, विचारायला हवं होतं. म्हटलं, बाकी सगळं तुमचं, फक्त मुठीऐवजी यंत्र आकडा देईल. त्यांनी मान हलवली. नाही, अशी. मी म्हटलं, तुमचा नियम मोडत नाही, फासे कुणी हातात घेत नाही. पुन्हा तशीच मान. मग डावा हात खाटेच्या कडेला आपटला, दोनतीनदा.

काकीजी आल्या. "काहून त्रास देतं रे त्यायले? डॉक्टरानं सांगतलं ना, जास्त बोलायचं नाई."

"मीच बोलतोय, काकीजी."

"तेच सांगून राह्यलो मी."

काकीजींनी खाटेजवळ तुरीचा कटोरा ठेवला. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम म्हणून दाणे उचलायला सांगितलं आहे. उजव्या हाताने एकही उचलता येत नाही. डाव्याने भराभर उचलतात. व्यायाम उजव्याला हवा, हे त्यांना पटत नाही.

थकले की नाही म्हणतात. यंत्र काय असतं हे न बघता त्यांना कसं समजावं? छापलेला कागद पाहिला की पटेल.

३ जून

उद्या निघतो. अकोल्याहून गाडी. वह्या बरोबर घेतल्या आहेत. काकीजींनी त्या लाल बस्त्यात बांधल्या आणि म्हणाल्या, "परत आनजो. त्यायचं दुसरं काई नाई आता."

९ सप्टेंबर, मुंबई

यंत्राला द्यायची, भोकं पाडलेली नऊशे बारा कार्डं. आज पहिल्यांदा पूर्ण चाललं. त्याआधी आठ वेळा अडलं होतं. एकदा देवमन दरवाज्यातून परत परत त्याच खोलीत शिरत राहिला, कागद संपेपर्यंत. ऑपरेटर चिडला. मी हसलो, मग नीट वाटेना.

रिसोडला यंत्र नेता येणार नाही. म्हणून असं ठरवलं आहे. खोल्यांची वर्णनं आणि पर्याय क्रमांक देऊन छापायचे. मुठीच्या जागी आकड्यांची लांबलचक यादी, एका ओळीत एक आकडा. खेळताना ती पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकायची आणि वेळ आली की एक ओळ उघडायची. क्रम बदलायचा नाही, ओळ वगळायची नाही. नाही तर त्याला अर्थ काय?

यादी मी वाचलेली नाही. वाचणार नाही.

सरांनी निबंधाचा आराखडा पाहिला. 'लोकपरंपरेतील खेळाचे यंत्रीकरण' हे शीर्षक त्यांनी सुचवलं. मी परंपरा हा शब्द काढा म्हटलं. हे एका माणसाने रचलं आहे. ते म्हणाले, परंपरा असली की वजन येतं.

२८ ऑक्टोबर, रिसोड

काकाजी वाळले आहेत. कागद दाखवला. घडीचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्यांनी तो डाव्या हाताने चाचपला, कापड चाचपावं तसा. छपाई इंग्रजी अक्षरांत आहे, त्यांना वाचता येत नाही. मी पहिली खोली वाचून दाखवली. पायऱ्यांचा आकडा आला तेव्हा 'हां' म्हणाले. काकीजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आकड्यांची यादी दाखवली तेव्हा काहीच म्हणाले नाहीत.

२ नोव्हेंबर

आठ महिन्यांनी गडाचा दरवाजा उघडला. खाट गादीच्या शेजारी आणली. मी काकाजींच्या जागी, पण गादीवर नाही, खाली. तिथे बसवेना.

मी वाचत होतो, ते दोघे सांगत होते. पहिला अर्धा तास अवघडल्यासारखं झालं. मग हेमसिंगकाकांच्या चोराने पाचव्या दरवाज्याचं कुलूप उघडायला घेतलं. मी पट्टी सरकवली. सहा.

"अरे वा!" हेमसिंगकाका मांडीवर थाप मारून म्हणाले. "सतरा वर्सांत मले कुलपावर सहा नव्हता आला. शेठजी, तुमच्यापरीस मशीन बरं!"

काकाजी हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

देवमनवर एकदा जीवावरची वेळ आली. पट्टीखालून तीन निघाला. वाचला. इंद्रभानकाकांनी श्वास सोडला नाही, धरला नाही, नुसती मान डोलावली. मला तो दिवसातला सर्वांत चांगला क्षण वाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मूठ खरी होती, असं मनात आलं.

९ नोव्हेंबर

देवमन मेला.

जसं झालं तसं लिहितो. पाचव्या दरवाज्यामागे पाण्याची खोली. पाणी चढत होतं. कवाड वरून खाली येणारं. कुणीतरी आतून पेलून धरल्याशिवाय दुसऱ्याला निघता येत नाही. काकाजींच्या वहीत तसंच आहे, मी काही घातलेलं नाही. हेमसिंगकाका म्हणाले, चोर धरतो, भालाईताने निघावं. त्यांचा आठवा चोर, मेला तर नववा. इंद्रभानकाका म्हणाले, "नाई. देवमन धरन."

"काहून बे? माहा गेला तं गेला."

"देवमन धरन," पुन्हा म्हणाले. "तो निघून जानारा हाय असं लोक म्हनतात. धरू दे त्याले एखाद्या वख्ती."

जीवावरची मूठ. मी पट्टी सरकवली. एक.

मी एक म्हणालो. आवाज नीट आला.

त्याच वेळी काकाजी ओरडले. शब्द नव्हता. डावा हात तुरीच्या कटोऱ्यात घातला होता, मूठ भरून माझ्याकडे पुढे केली होती, घट्ट मिटून. ऊन उतरलं होतं. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला लागतं, ते राहिलं होतं. मी आत हाक मारली, "काकीजी, काकाजींना भूक लागलीय!" काकीजी खिचडीची ताटली घेऊन आल्या. काकाजींनी मान फिरवली आणि मूठ माझ्या कागदावर रिकामी केली.

हेमसिंगकाका हळूच म्हणाले, "अरे सुमेर, पुढची ओळ घे ना, बाप्पा. कोन पाहून राह्यलं?"

"तसं करता येत नाही, काका."

"काहून येत नाई? कागदच हाय ना तो?"

"मग पुढच्या प्रत्येक वेळी तसंच करावं लागेल."

इंद्रभानकाकांनी पागोटं उचललं, झटकलं, डोक्याला बांधलं. काकाजींच्या पायांना हात लावला. "येतो शेठजी," म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बराबर हाय." साडेपाचच्या गाडीने गेले.

कागदावरचे दाणे गोळा केले. सवयीने मोजले. चोवीस.

नंतर पुढची ओळ पाहिली. पाच होता.

१२ नोव्हेंबर

हेमसिंगकाका दुपारी आले. ओट्यावरच उभे राहिले.

"इंद्रभान पोराची क्रिया करून राह्यला. बुधवारी. दर्भाचा पुतया करून जायनार."

प्रेत नसलं की पुतळा जाळतात हे माहीत होतं, तरी मला आधी कळलं नाही. देवमन खेळात मेला होता.

"बामन म्हने, बारा वर्सं होऊ द्या, मंग करा, तशी रीत हाय. हा म्हने, मले समजलं आता. कुठून समजलं, ते सांगत नाई. गावात कोनी त्याले इचारत बी नाई."

"पण हा खेळ आहे."

"तुह्यासाठी."

मी म्हटलं, त्या आकड्यात काही नाही, काका. काहीही येऊ शकलं असतं. दहा वर्षं एक आला नाही हेच नवल होतं.

हेमसिंगकाका माझ्याकडे बघत राहिले. "तू एवढा शिकला, तुले मालूम नव्हतं?"

"काय?"

"अरे, पन्नास वर्सं धान्यात हात घातलेला माणूस हाय. मुठीत दाणे किती, ते त्याले पाहा लागत नव्हतं. शेठ मूठ भरे तवा दाण्याले विचारत नव्हता." ते खाली बसले. "मले एक द्याचा असला की एक दे. त्याले काय, माहा चोर. देवमनले नाई द्याचा."

"इंद्रभानकाकांना हे माहीत होतं?"

"त्याले मालूम असतं तं खेयला असता काय?"

ते गेल्यावर मी काकाजींच्या खाटेशी बसलो. कटोरा जवळ घेतला. म्हटलं, काकाजी, सतरा. त्यांनी डावा हात घातला, मूठ माझ्या तळहातावर उघडली. मोजले. सतरा. एकतीस. एकतीस. नऊ म्हटलं, तर हात जेमतेम बुडवला. नऊ. डावा हात. उजवा तर तेव्हा आणखी चांगला असेल.

चोवीस त्यांनी का दिले होते, हे विचारायची गरज राहिली नाही. सहाने भाग जातो. ते सहा देत होते. आणि मी खिचडी मागवली.

निबंधातला सदोष पद्धतीचा परिच्छेद काढून टाकला. मग बाकीच्या निबंधाकडे पाहिलं. त्यातून तो परिच्छेद गेल्याने काही बिघडत नाही. नीट वाचला जातो. हेच मला खटकत राहिलं.

१३ नोव्हेंबर

दोन रस्ते आहेत. एक, इंद्रभानकाकांना सांगायचं की काकाजी आकडे ठरवून देत होते. म्हणजे त्यांच्या लेखी दहा वर्षं गेली, आणि काकाजीही गेले. दुसरा, कार्डांचा क्रम चुकला होता असं सांगायचं. आकडा खोटा, देवमन परत पाचव्या दरवाज्याशी उभा. क्रिया थांबेल. हे खोटं आहे. पण हे खोटं काकाजी दहा वर्षं बोटांनी बोलत होते, आणि त्यांनी रोजचं ध्यान, सामायिक, कधी चुकवलं नाही.

दुसरा रस्ता घेणार. वाक्य साधं हवं. 'काका, माझं कार्ड चुकलं होतं.'

१४ नोव्हेंबर

रिठदला अकरा वाजता उतरलो. इंद्रभानकाका घरी नव्हते. सून अंगणात कापसातला कचरा निवडत होती. तुळसाबाई. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू.

"मामंजी वावरात हायेत. तुमीच काय ते मशीनवाले भाऊ?"

"हो."

"बसा. पानी देतो."

पाणी दिलं. मी का आलो ते सांगून टाकलं. का सांगितलं माहीत नाही. कदाचित वाक्य कुणावर तरी म्हणून पाहायचं होतं.

"चुकलं काय खरंच?" तिने विचारलं.

"नाही."

ती पुन्हा कापूस निवडायला बसली. मग खाली बघतच म्हणाली, "तुमच्या काकाजीनं दहा वर्सं त्याले जिता ठेवला. बजाराच्या दिवशी मामंजी घरी येत, आन् दारातूनच सांगत, हाय वो, हाय. मंग मी चूल पेटवो. मले कोनी इचारलं काय?"

"तुम्हाला ही क्रिया व्हायला हवी आहे?"

"मले काई पाह्यजे नाई. वाट पाहनं बंद व्हाव, बस." मग हातातल्या बांगड्या मागे सारल्या. "उद्या ह्या जातीन. कापूस येचाले अडतात तशा बी."

ती हसली असं मला वाटलं. मी हसावं की नाही कळेना.

वावर गावाच्या मागे. इंद्रभानकाका कापूस वेचत होते. मला पाहून कमरेची ओटी सैल केली.

"ये. शेठजी कसे हायेत?"

"तसेच."

"पायी आला? डोक्यावर रुमाल तरी घ्याचा." धुऱ्यावर, बांधावर बसले, मला बसवलं. तंबाखू मळायला घेतली. "तू काई सांगाले आला."

मी वाक्य काढायच्या आत तेच बोलले.

"शेठजीची मूठ मले मालूम होती, सुमेर. पयल्याच वर्षी समजली. माहा बी जलम दाण्यातच गेला."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? एक माणूस हातानं देऊन राह्यला, त्याले म्हनू, देऊ नको? आन् मले बी पाह्यजेच होतं. चार वर्सं, पाच वर्सं. मंग आपलं चुकते असं झालं. घरी येऊन सुनेले सांगो, हाय. ती माह्या तोंडाकडे पाहे. तिचा भाऊ दोन डाव येऊन गेला, तिले न्याले. मालेगावले एक जागा हाय, तिच्यासंगं पाट लावाले तयार हाय. म्या म्हनो, माहा पोरगा जिता असताना कसा लावतं?" तंबाखू तशीच हातात राहिली. "शेठजी बोलते असते तं हे झालं नसतं. त्याच्या समोर त्याची मूठ टायता येत नाई. तुहं मशीन आलं तवा म्हनलं, चाला. जे येईन ते."

त्यांनी तंबाखूवरून नजर उचलली.

"आता तू सांग. मशीन चुकलं काय?"

एसटीत ते वाक्य मी तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं. या माणसाने विचारल्यावर ते म्हणणं सोपं होतं. तो ऐकणार होता. त्याने मला जागा करून दिली होती, तेही मला दिसलं. त्याच्या चेहऱ्यावर काय हवं आहे ते मात्र दिसलं नाही. मी नीट पाहिलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"एकच आला ना?"

"एकच."

त्यांनी तंबाखू तोंडात न टाकता धुऱ्यावर टाकून दिली. उठले, ओटी आवळली. "चाल, च्या घेऊन जा." चहाला घरी गेलो नाही. तुळसाबाईसमोर जायला नको वाटलं.

खरं बोललो. त्यामुळे कुणाचं काय झालं ते कळत नाही. कुणासाठी बोललो तेही सांगता येत नाही. निबंधासाठी नाही, एवढं नक्की वाटतं. पण यंत्र चुकलं असं म्हणायला जीभ रेटली नाही, ती माझंच यंत्र म्हणून की काय, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर लिहू शकत नाही.

घरी येऊन काकाजींना सांगितलं की इंद्रभानकाकांना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांना हलकं वाटेल असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली. काकीजी म्हणाल्या, "हे सांगाचं नव्हतं रे." दिवस मावळेपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. आता उद्याच.

१५ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजता रिठदच्या नाल्यावर क्रिया झाली. हेमसिंगकाका जाऊन आले. अग्नी इंद्रभानकाकांनी दिला. पुतळा लहान होता, लगेच जळला. तुळसाबाईचा भाऊ मालेगावहून आला आहे. सुतक तीन दिवसांचं, ते फिटलं की तिला घेऊन जाईल. घरी इंद्रभानकाका एकटे राहतील.